बिबट्याचा सत्कार

कांद्याची काढणी सुरू झाली की आमच्या अवसरीचा वास बदलतो. मंचरकडून येणाऱ्या एसटीच्या खिडकीत आधी पाटाच्या पाण्याचा आणि उसाचा ओलसर गारवा असतो. एका वळणावर तो मागे पडतो आणि तिखट, गोडसर, नाकातून सरळ डोळ्यांत शिरणारा वास येतो. वावरात बाया ओळीनं बसलेल्या असतात, पात कापल्याचा चर्र चर्र आवाज चालू असतो, आणि कापलेल्या पातीचे ढीग उन्हात हिरव्याचे पिवळे होत असतात. मी हल्ली पुण्यात असते, पण या दिवसांत गावी येतेच. परवाही आले. वास आला, डोळ्यांत पाणी आलं आणि नेहमीसारखं हसूही फुटलं. शेजारच्या सीटवरच्या मावशींनी पिशवी जरा स्वतःकडे ओढून घेतली. रडता रडता हसणाऱ्या बाईचं काय सांगावं. त्यांना कसं सांगणार, की कांद्याच्या वासानं मला बिबट्या आठवतो. चाकांवरचा.

आमच्या जुन्नर-आंबेगावात बिबट्याचं नवल नाही. तो उसात राहतो, आम्ही उसाच्या कडेला राहतो. त्याचं भय खरं आहे. ज्या घरावर त्याचा घाव बसला त्या घरासमोर कुणी थट्टा करत नाही. पण रोजच्या भयाशीही माणसं शेवटी घरोबा करतात. दिवेलागणीला पोरांना घरात ओढताना आया म्हणतात, "चल आत, पावणं यायची येळ झाली." आणि सकाळी शाळेच्या वाटेवर पोरं एकमेकांना विचारतात, "काल तुमच्याकडं व्हता का आमच्याकडं?"

मी सांगतेय तो बिबट्या मात्र दहा वर्षांचा होता, दोन वेण्या घालायचा आणि त्याचं नाव तनुजा होतं.

आमच्या घरामागचं वावर ओलांडलं की तनुजाचं घर. जन्मताना तिचा श्वास अडकला होता. मेंदूला प्राणवायू कमी पडला, आणि तेव्हापासून तिचे पाय ताठ राहतात, हात मनासारखे चटकन वळत नाहीत आणि शब्द तोंडातून बाहेर यायला वेळ घेतात. बोलायच्या आधी ती थांबते. दोन शब्दांच्या मध्येही थांबते. नवख्या माणसाला वाटतं, हिचं बोलून झालं. तो "बरं बरं" म्हणून वळतो आणि त्याच्या पाठीवर उरलेलं वाक्य येऊन आदळतं. त्या वाक्यातलं सगळ्यात तिखट जे असेल ते बहुधा त्या उरलेल्या भागातच असतं.

तो उन्हाळा चार वर्षांपूर्वीचा. मंचरच्या सोपानशेठनं लोकल केबलवर लहान मुलांचा कार्यक्रम काढला होता. सोपानशेठ लग्नांचं शूटिंग करणारा माणूस. उन्हाळा म्हणजे त्याचा हंगाम. ज्या दिवशी लग्नतिथी नसेल त्याच दिवशी त्याचा कॅमेरा रिकामा. त्या रिकाम्या दिवसांत 'उनाड दुपार' चित्रित व्हायची. आमचं वेळापत्रक पंचांग बघून ठरायचं, फक्त उलटं. दिनदर्शिकेत जिथं मुहूर्त नाही तो आमचा मुहूर्त. सोपानशेठच्या गाडीत मागच्या सीटवर एक पिशवी कायम पडलेली असायची. तिच्यात शाली, टोप्या आणि नारळ. आमच्याकडच्या लग्नात नवरानवरीपेक्षा सत्कारांना जास्त वेळ लागतो. ऐन वेळी यजमानांच्या शाली संपल्या तर सोपानशेठ आपल्या पिशवीतून पुरवायचा, माईकवर नाव पुकारायचा आणि पळत जाऊन कॅमेऱ्यामागंही उभा राहायचा. त्या माणसाला रिकाम्या हातांचा माणूस बघवतच नसे.

'उनाड दुपार'ची नाटुकली लिहायचं काम त्यानं मला दिलं ते आप्पांमुळे. माझ्या वडिलांचा, आप्पांचा, मंचरमध्ये छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका छापून ते पोट भरायचे आणि पत्रकं छापून मन. पाण्याच्या आवर्तनाचं पत्रक, एसटीच्या बंद पडलेल्या फेरीचं पत्रक, दारूच्या दुकानाविरुद्धचं पत्रक, एप्रिलात जयंतीचं पत्रक. उरलेल्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही भावंडांनी गणितं सोडवली. एका बाजूला 'जाहीर सभा', दुसऱ्या बाजूला भागाकार. अजूनही कुठलंही वाक्य लिहून झालं की त्याच्या शेवटी 'बहुसंख्येने उपस्थित राहा' असं जोडायला माझा हात शिवशिवतो.

त्या दिवसांत मला टीव्हीचा राग होता. अजूनही आहे. लहानपणी टीव्हीसमोर बसून आम्ही इतकी मुलं पाहिली, नाचणारी, गाणारी, बिस्किटं खाणारी, दात घासून हसणारी. त्यांत तनुजासारखं कुणी पाहिल्याचं आठवत नाही. मोठ्यांच्या मालिकांमध्ये कधी तरी चाकाची खुर्ची यायची, पण ती ज्या दिवशी आली त्याच दिवशी आम्हाला कळायचं की ही आता रिकामी होणार. शेवटच्या भागात देवळाची घंटा वाजणार, वारा सुटणार, आणि खुर्चीतलं माणूस थरथरत उभं राहणार. टीव्हीवरची चाकाची खुर्ची रिकामी होण्यासाठीच असते. जी रोज भरलेली असते, जिच्या चाकात चिखल अडकतो, जिच्या पाठीला शाळेचं दप्तर लटकतं, तिला तिथं जागा नाही. म्हणजे आहे तशा मुलीला जागा नाही. बरी झालीस तर ये, आणि बरी होत नसशील तर निदान आम्हाला रडव. हे कुणी ठरवलं, असं मला त्या वेळी ओरडून विचारावंसं वाटायचं. आता मी ओरडत नाही. लिहिते. प्रश्न तोच आहे.

तनुजाच्या घरी सत्कारांची वेगळीच गोष्ट होती. तिची आई, सुनंदावहिनी, एकदा मला ट्रंक उघडून दाखवत होत्या. आत शाली. केशरी, हिरव्या, जरीच्या काठाच्या, प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर न काढलेल्या. शाळेचं संमेलन असो, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं शिबिर असो, मंडळाचं उद्घाटन असो, कुणाला तरी आठवण यायची की अवसरीत एक पोरगी आहे. मग खुर्चीसकट तिला उचलून स्टेजवर ठेवायचे, शाल पांघरायचे, मांडीवर नारळ, हातात गुलाब, फोटो. स्टेजवरून उतरवलं की बाकीच्या मुलांचा नाच सुरू.

"आमच्या घरात ओल्या खोबऱ्याची चटणी कधी बंद पडत न्हाई बघ," वहिनी म्हणाल्या. "या पोरीचा मान लई."

"मान... न्हाई," मागून तनुजा म्हणाली. मग थांबली. आम्ही वाट बघितली. "नारळ."

'उनाड दुपार'मध्ये तिला घ्यायचं हे मी पहिल्याच दिवशी सोपानशेठला सांगितलं. तो खुश झाला. त्याचं मन खरोखर मोठं होतं, हे मी आधीच सांगून ठेवते. तो तिच्या अंगणात आला, बाजेवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "ताई, मी काय म्हणतो, पहिल्याच भागात पोरीचा सत्कार घेऊ. शाल, श्रीफळ, मागं बासरी सोडतो. लोक रडतील राव."

तनुजा त्याच्याकडे बघत होती. "सत्कार झाल्यावर... मी काय करू?"

"काय करू म्हंजे? नमस्कार करायचा सगळ्यांना."

"मग?"

"मग..." सोपानशेठ माझ्याकडे बघू लागला. "मग बाकीच्या पोरांचं नाटक."

"म्हंजे मी नारळ घेऊन... घरी. आन् बाकीचे... टीव्हीवर."

सोपानशेठनं टोपी काढून डोकं पुसलं. त्याच्या आयुष्यात सत्कार नाकारणारा माणूस बहुधा पहिल्यांदाच समोर बसला होता, आणि त्याच्या दोन वेण्या होत्या.

"मला... पार्ट द्या," तनुजा म्हणाली. तिला हवं होतं ते इतकंच, आणि त्या उन्हाळ्यात मला त्याहून मोठी मागणी कुठल्याच पत्रकात सापडली नाही.

त्या रात्री मी तिच्यासाठी पार्ट लिहिला. शाळेत जाणारी, धीट, हक्कांची जाण असलेली मुलगी. तिच्या तोंडी पानभर भाषण. कागद अर्थात छापखान्यातलेच, मागच्या बाजूला पाण्याच्या आवर्तनाचं पत्रक. सकाळी ती कडुलिंबाखाली वाचत बसली. माझं पान वाचलं, मग कागद उलटून मागचं पत्रक वाचलं, मग पुन्हा उलटून माझं पान बघितलं.

"ताई," ती म्हणाली, "दोन्हीकडं... सारखंच लिवलंय."

मी तो कागद घडी करून ठेवला. तिच्याशी वाद घालून मला जिंकता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं.

मग नाटुकलं बदललं. गोष्ट अशी ठरली: कांद्याच्या बराखीत बिबट्या शिरलाय अशी बातमी येते आणि गाव गोळा होतं. एक सरपंच होतो, एक मोबाइलवर व्हिडिओ काढत जवळ जातो, एक फटाके आणायला पळते, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं, आणि शेवटी गोंधळाला कंटाळून बिबट्या स्वतःच बाहेर येऊन सांगतो, बाबांनो, गर्दी करू नका, मुलांना घरात न्या, मला वाट द्या. पार्ट वाटायला पोरं तनुजाच्या घरच्या बराखीसमोर जमली. बराखी म्हणजे कांदा साठवायची लांबोडकी खोली, भिंती फटीफटींच्या, आतून बाहेरून वारा खेळतो. तिच्या सावलीत बसलं की भर उन्हाळ्यातही पाठीला गार लागतं आणि केसांना आठवडाभर कांद्याचा वास राहतो.

बिबट्या ओम होणार होता. ओमला गुरगुरता यायचं. ते ठरल्यापासून तो दर दोन मिनिटांनी गुरगुरत होता.

"बिबट्या... मी होणार," तनुजा म्हणाली.

पोरं तिच्याकडे वळली. मग ओमनं, मनात काही वाईट न आणता, सरळ विचारलं, "तुला पळता कुठं येतं?"

तनुजानं वेळ घेतला. "बिबट्या पळत न्हाई. तो... बसून राहतो." पुन्हा थांबली. "पळता... तुमी."

ओम सगळ्यात आधी हसला. म्हणाला, "घे बाई, तूच हो. मी सरपंच होतो, सरपंचाला बी गुरगुरता येतं."

मला मात्र ते पटेना. सगळी पोरं गेल्यावर मी तिला समजावायला लागले. एवढ्या मुलांत एकटी तू खुर्चीत, आणि तुलाच जनावर करायचं? लोक काय अर्थ काढतील? माणसाचा पार्ट माणसानं सोडू नये, वगैरे वगैरे. मी चांगलं बोलत होते. आप्पा तिथं असते तर छापलं असतं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, मला बघून... कुणी घाबरत न्हाई. सगळ्यांना... नुसतं वाईट वाटतं." वावरात कुणी तरी बायांना चहाला हाक मारत होतं. "मला एकदा... घाबरवायचंय."

मी बिबट्यापुढचं ओमचं नाव खोडलं आणि तिचं लिहिलं.

सोपानशेठ नेहमी देवळाच्या सभामंडपात शूटिंग करायचा, कारण तिथं पंखे आणि मागे चांगला रंग. सभामंडपाला पायऱ्या. चौघांनी खुर्ची उचलू, तो म्हणाला. तनुजा म्हणाली, बिबट्याला कुणी उचलत नाही. म्हणून शूटिंग बराखीसमोर आलं, आणि ते आल्यावर सगळ्यांच्याच लक्षात आलं की कांद्याच्या गोष्टीला कांद्याची जागाच बरी दिसते. अंगणातल्या भुसभुशीत मातीत चाकं रुतायची, तर पोरांनी बारदानाच्या रिकाम्या गोण्या एकापुढे एक अंथरून रस्ता केला. हे कुणी सांगितलं नव्हतं. कुणाच्या चेहऱ्यावर उपकाराचा भावही नव्हता. बिबट्याला बाहेर यायचंय तर वाट लागणारच, एवढा सरळ हिशोब. बाजूच्या वावरात ऊस तोडला होता, तिथलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, आणून खुर्चीला बांधलं, पुढून, मागून, चाकं झाकतील असं. वेण्यांच्या जागी दोन कान. गालांवर काजळाचे ठिपके, ते लावायला मात्र पोरींची भांडणं झाली.

सुनंदावहिनी दारात उभ्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. "हिला हसतील गं लोक," त्या मला म्हणाल्या. दहा वर्षं त्यांनी एवढंच केलं होतं. मुलीला कुणी हसू नये म्हणून तिच्यापुढे उभं राहणं.

पाचटाच्या आतून आवाज आला, "आई, हसायलाच... बोलावलंय."

सोपानशेठ कॅमेरा तीन पायांच्या उंच तिकाटण्यावर लावत होता, लग्नातल्यासारखा, सगळे मावतील असा. तनुजानं त्याला बोलावलं. "शेठ, खाली ठेवा. वरनं... मांजर दिसंल." त्यानं एक क्षण विचार केला आणि कॅमेरा कांद्याच्या उपड्या क्रेटवर ठेवला. आजवर तिचे जेवढे फोटो निघाले होते ते सगळे उभ्या माणसांनी खाली वाकून काढलेले होते. त्या दिवशी पहिल्यांदा कॅमेरा तिच्याकडे मान वर करून बघत होता.

आता ऐका. गाव जमलं, म्हणजे आमची पोरं. ओम सरपंच गुरगुरला. फटाकेवाली पळाली. व्हिडिओवाला "हॅलो फ्रेंड्स" म्हणत पुढे सरकला. बराखीच्या दारात उसाचं एक झुडूप हललं. कुणाचा धक्का नाही, कुणाचा हात नाही, आपल्या हातांनी चाकाचा एक एक वेढा फिरवत, गोण्यांवरून खस खस करत, ते झुडूप पुढे येत राहिलं. चाकं दिसत नव्हती. इतकं सावकाश, इतकं थांबत थांबत आलेलं काही मी पडद्यावर कधी पाहिलं नव्हतं. पातीच्या ढिगाजवळ बसलेल्या बायांचे हात थांबले. पाचट बाजूला झालं आणि दोन ठिपकेदार गाल बाहेर आले.

आणि नेमक्या त्याच क्षणी सोपानशेठ, ज्याचं काम कॅमेऱ्यामागे बसण्याचं होतं, तो कॅमेऱ्यासमोर आला. हातात शाल आणि नारळ. इतक्या वर्षांची सवय. मुख्य माणूस मंडपात आलं की त्याचे पाय आपोआप चालायला लागत. त्यानं लग्नातला आवाज लावला, "यानंतर आपल्यात उपस्थित असलेल्या..."

पोरं थिजली. मी तोंडावर हात ठेवला. कॅमेरा क्रेटवर चालूच होता.

तनुजानं शालीकडे बघितलं. नारळाकडे बघितलं. मग सोपानशेठकडे, टोपीपासून चपलांपर्यंत, आणि परत टोपीपर्यंत.

"मी... मांस खाते," ती म्हणाली.

सोपानशेठला वाटलं तिचं बोलून झालं. तो शाल उलगडू लागला.

"जवळ... या."

आणि सोपानशेठ मागे सरला. हे त्यानं ठरवून केलं नाही, ते तो आजही मान्य करतो. नुसता मागे सरला, टाच गोणीत अडकली, नारळ हातातून सुटला आणि अंगणाच्या उतारावरून गडगडत पार पातीच्या ढिगात गेला. बाया अशा हसल्या की एकीनं विळा बाजूला ठेवून दोन्ही हातांनी पोट धरलं. पोरं लोळली. सुनंदावहिनी दारात बसल्याच, पदरानं डोळे पुसत. बिबट्या मात्र हसला नाही. बिबट्यानं ठरलेलं वाक्य म्हटलं, अगदी सावकाश, "गर्दी करू नका. पोरं... घरात न्या. मला... वाट द्या." गावानं वाट दिली.

इथंच हे संपायला हवं होतं. पण टीव्हीवर जे दिसतं ते अंगणात ठरत नाही, संकलनाच्या टेबलावर ठरतं. मला ते तेव्हा शिकायला मिळालं. चार दिवसांनी सोपानशेठनं भाग दाखवायला बोलावलं. त्याचा स्टुडिओ जिना चढून वरच्या मजल्यावर, म्हणून तो स्वतः लॅपटॉप घेऊन खाली आला आणि आम्ही रसवंतीच्या बाकड्यापाशी बसलो. चरकाच्या घुंगरांच्या आवाजात बघायला लागलो. सगळं चकाचक होतं. पाचटाचं झुडूप झर्रकन पुढे यायचं. बिबट्या घडाघडा बोलायचा. तिच्या दोन शब्दांमधल्या जागा कापून वाक्यं जोडली होती. शेवटी बासरी होती आणि गुलाबाच्या पाकळ्या वरून पडत होत्या. नारळ कुठंच नव्हता.

माझं डोकं सणकलं. मी हक्क, प्रतिष्ठा, प्रतिनिधित्व असे शब्द जुळवायला घेतले होते, एवढ्यात तनुजा रसाचा ग्लास खाली ठेवून म्हणाली, "शेठ, हसू... कुठं गेलं?"

"अगं, लई येळ लागत व्हता मधी. लोक चॅनल बदलतील. तुझ्याच भल्याचं केलं."

"मी थांबते... तिथंच हसू व्हतं."

सोपानशेठनं मूळचं चित्रण लावलं. कदाचित तिला पटवून द्यायला. खस खस, गोण्या, ठिपके. मी मांस खाते. मग ती लांबलचक जागा, जिच्यात काहीच होत नाही, फक्त एक मुलगी एका माणसाकडे बघते. जवळ या. रसवंतीवाला चरक थांबवून आमच्या मागे येऊन उभा होता, तो फिसकन हसला. आणि सोपानशेठही हसला, स्वतःला आवरता आवरता.

"पण यात मी लई येडा दिसतोय पोरी," तो म्हणाला. "मंचरात तोंड दाखवायचंय मला. हंगाम चालू हाय."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. चारचौघांत मान हीच त्याची भाकरी. तनुजानं मान डोलावली, तिलाही ते कळलं होतं. ती बराच वेळ थांबली. आता आम्ही तिघंही, म्हणजे मी, सोपानशेठ आणि रसवंतीवाला, थांबायला शिकलो होतो.

"प्रत्येक सत्काराला... मी दिसते, शेठ. एकदा... तुमी दिसा."

सोपानशेठनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला, बासरी काढली, पाकळ्या काढल्या. जागा परत जोडायला त्याला संध्याकाळ झाली. रसाचे पैसे रसवंतीवाल्यानं घेतले नाहीत.

त्या रविवारी केबलवर भाग लागला तेव्हा तनुजाच्या घरात माणूस मावत नव्हता. मी खरं सांगते, सुरुवातीला सगळे अवघडले. झुडूप हललं, गाल दिसले, आणि दहा-वीस चेहऱ्यांवर तो नेहमीचा भाव येऊ लागला, मान तिरकी, ओठ मिटलेले, आता बिचारी म्हणायच्या तयारीत. तो भाव पुरता उमटायच्या आत नारळ गडगडला. मग कुणाला बिचारी म्हणायला उसंतच मिळाली नाही. पुढच्या लग्नतिथीला सोपानशेठ माईकवर उभा राहिला तेव्हा वऱ्हाडातून कुणी तरी ओरडलं, "शेठ, जवळ या." मांडव हसला. सोपानशेठनं दोन पावलं मागे सरून दाखवलं. तेव्हापासून त्याला आळेफाट्यापर्यंत बोलावणी येतात. 'जवळ या'वाले शेठ म्हणूनच. 'उनाड दुपार' दोन उन्हाळे चालली. बिबट्या त्यात पुढे न्यायाधीश झाला, भूत झाला, एकदा तर लबाड सावकारीण झाला आणि ते काम तिनं सगळ्यात आवडीनं केलं. सत्कार एकदाही नाही.

मी अजून पत्रकं लिहिते. लिहायलाच हवीत, जिन्याच्या बाजूला उतार असावा, शाळेच्या संडासाचं दार खुर्ची जाईल एवढं रुंद असावं, मुलांच्या कार्यक्रमात सगळी मुलं असावीत, हे कुणी तरी सभेत उभं राहून, कागदावर छापून, पुन्हा पुन्हा म्हणायलाच लागतं. पण आता मी मुलांना घेऊन काहीही लिहायला बसले की आधी विचारते, तुला कोण व्हायचंय? उत्तर यायला वेळ लागला तर थांबते.

परवा घरी पोचले, पाणी प्याले आणि वावर ओलांडून तनुजाकडे गेले. बराखीत नवा कांदा भरला होता, फटीफटींतून लालसर दिसत होता. कडुलिंबाखाली तनुजा, आता चौदा वर्षांची, परीक्षा संपवून मोकळी. समोर अंगणात शेजारची चिल्लीपिल्ली खेळत होती, 'उनाड दुपार'च्या वेळी यांतली काही रांगत असतील. एकानं बेअरिंगची चाकं लावलेल्या फळकुटावर पाचट बांधलं होतं आणि त्यावर बसून तो गुरगुरत होता. मागे दुसरा रडवेला उभा. त्यालाही बिबट्या व्हायचं होतं, आणि बाकीची ऐकत नव्हती.

"तुझ्याकडं कुठं चाकं हायेत?" एक नाक वाहणारी पोरगी त्याला दरडावत होती. "चाकं न्हाईत त्यानं सरपंच व्हायचं."

मी तिच्याजवळ खाली बसले. "काय गं," मी विचारलं, "बिबट्याला चाकं असतात का कधी?"

तिनं माझ्याकडे, माझ्या पुण्याच्या चपलांकडे बघितलं. मला काहीच कसं ठाऊक नाही याचं तिला खरंच नवल वाटलं.

"मग तो उसातनं येतो कशावर?"

मी तनुजाकडे वळले. ती काही बोलणार होती, म्हणून आम्ही सगळे थांबलो.